दोन्हीकडचे मुलाकडचे

ही पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. लग्न करणाऱ्या दोघांना ती लागत नाही; आपलं काय आहे ते त्यांना दहावी-बारावीपासून ठाऊक असतं. नवशिके म्हणजे आई, बाबा, मामा, आत्या, विट्याहून निघालेले चुलते, हॉलचा मॅनेजर आणि फोटोवाला. दोन मुलांचं लग्न दिल्लीच्या पहाडगंजात कसं लावावं हे त्यांना कुणी सांगत नाही आणि विचारायचीही चोरी. म्हणून हा खटाटोप.

साहित्य

दोन मुलगे, दोघांचीही एकवीस वर्षं पूर्ण. (विवाह कायद्यातली वयाची अट इथे लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी हे लग्नच नाही. पण मामांना कुठला तरी नियम पाळल्याचं समाधान हवं असतं.) नमुन्यादाखल आपण एक जोडी धरू. वर क्रमांक 1 करोल बागेतल्या गलाईवाल्यांच्या घरातला. त्याचे आजोबा विट्याकडच्या, खानापूर तालुक्यातल्या दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरले आणि दिल्लीला आले. वर क्रमांक 2 पहाडगंजातल्या मुलतानी ढांड्यातला. त्याचे आजोबा फाळणीत मुलतान सोडून इथे आले. दोन्ही घरांना परक्या गावात बस्तान बसवायची सवय आहे. एवढं भांडवल पुरे.

याखेरीज दोन फेटे, दोन मुंडावळ्या, दोन कट्यारी, दोन लिंबं, आणि शांत स्वभावाची एक मावशी. मावशी नसेल तर तारीख पुढे ढकला.

पाहुणे उतरवणे

पहाडगंजच का, असं लोक विचारतात. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. आरामबागेत नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे; गावाकडून कुणी परीक्षेला, कोर्टाच्या कामाला किंवा वैष्णोदेवीला निघालं की याच गल्ल्यांत पहिली पथारी टाकतं. शिवाय स्टेशन समोर. मात्र पाहुण्यांना एक गोष्ट लेखी कळवा: नवी दिल्ली स्टेशनाचा फलाट क्रमांक 1 पहाडगंजच्या बाजूला आहे आणि 16 अजमेरी गेटच्या. चुकून अजमेरी गेटकडे बाहेर पडलेल्या चुलत्यांना बॅगा, आंब्याची पेटी आणि रक्तदाब यांसह पुन्हा पूल चढून यावं लागतं. तिथपासून पुढे ते या लग्नाबद्दल जे काही बोलतील त्यातलं निम्मं त्या पुलाबद्दल असतं. फरक ओळखायला शिका.

हॉटेलांचं असं आहे. पहाडगंजातल्या बऱ्याच काउंटरांवर ‘लोकल आयडी नहीं चलेगा’ हे ऐकायला मिळतं, म्हणजे दिल्लीच्या पत्त्याच्या आधार कार्डावर खोली मिळत नाही. तेव्हा खोल्या विट्याच्या आधार कार्डांवर घ्या. मुलगा-मुलगी आले की काउंटरवरचा माणूस दोन्ही आडनावं ताडून बघतो; दोन पुरुष आले की न बघता किल्ली देतो. या गैरसमजाच्या आडोशाने या देशात कित्येकांनी दिवस काढले आहेत, तेव्हा त्याला नावं ठेवू नका. फक्त लग्नाच्या रात्रीची खोली घेताना डबल बेड असं स्पष्ट सांगा. नाहीतर मॅनेजर मोठ्या आपुलकीनं दोन सुट्या पलंगांची खोली देतो आणि ‘दोनों भाई आराम से सोइए’ असा आशीर्वादही देतो.

गुण जुळवणे

स्थळ शोधायची पायरी इथे गाळता येते. मुलांनी ते काम आधीच उरकलेलं असतं. तरी नोंद असावी. मे 2015 मध्ये हरीश अय्यर या कार्यकर्त्याच्या आईने ‘मिड-डे’मध्ये मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात दिली. इतर वृत्तपत्रांनी ती घ्यायला नकार दिला होता. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास बरं, असं तिच्यात होतं आणि त्यावरून टीका झाली. टीका रास्त होती. पण ती ओळ वाचून हायसं वाटलेल्या आत्याही मला माहीत आहेत. ‘म्हणजे आपल्यासारखंच आहे की सगळं!’

पत्रिका जुळवायच्या की नाही हा घरचा प्रश्न. जुळवायच्याच असतील तर एक तांत्रिक गंमत आहे. गुण 36. कुठल्याही सॉफ्टवेअरात दोन रकाने असतात, मुलगा आणि मुलगी. वर क्रमांक 2 ला मुलीच्या रकान्यात घाला, बेरीज बघा. मग उलट करा. बेरीज बदलू शकते, कारण वर्णाचे आणि गणाचे गुण देताना मुलाची बाजू वरचढ असली तर बरी, असं गणित त्यात मुळातच घातलेलं आहे. जी बेरीज मोठी ती मामांना सांगा. नाडी एक आली तर मामा गंभीर होतील, कारण नाडीचे 8 गुण जातात आणि संततीला बाधा येते म्हणतात. त्यांना एक मिनिट द्या. त्यांचं त्यांनाच कळेल.

पत्रिका छापणे

पत्रिकांसाठी चावडी बाजार. नवी दिल्ली मेट्रो स्टेशनातून पिवळ्या लाइनीने पुढचंच स्टेशन. मराठी पत्रिकेत मुलाच्या नावामागे ‘चि.’ आणि मुलीच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लिहितात, इथे दोन्हीकडे ‘चि.’ लिहावं, जागाही वाचते. दिल्लीच्या हिंदी पत्रिकेत दोन नावांच्या मधे ‘संग’ असतं, ते तसंच राहू द्या.

मजकूर दिला की तासाभराने प्रूफ येतं. वरच्या माळ्यावर, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात, कागदाच्या रिमांवर बसलेला ऑपरेटर स्क्रीन तुमच्याकडे वळवतो. दुसऱ्या चिरंजीवांच्या नावाला त्याने परस्पर काना दिलेला असतो. ‘लड़की के नाम में मिस्टेक थी, मैंने ठीक कर दी.’ त्याला सांगा, चूक नव्हती. काना काढ. तो काढतो. मग दोन्ही नावं मनाशी वाचतो. पुन्हा वाचतो. एकदा तुमच्याकडे, एकदा खाली गल्लीत बघतो. माउसवरचं बोट उचलून विचारतो, ‘गणेश जी एक रखूँ या दोनों तरफ?’

दोनों तरफ सांगा. पैसे तेवढेच पडतात.

‘विवाह’ असं छापावं का, ही शंका वडिलांना येते. छापा. कायद्याची मान्यता नाही, तशी बंदीही नाही. दोन सज्ञान माणसांचे संबंध गुन्हा ठरवणारा कलम 377 चा भाग सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केला. यवतमाळकरांनी तर तेवढीही वाट पाहिली नव्हती. डिसेंबर 2017 च्या अखेरीस, म्हणजे कलम जागेवर असताना, अमेरिकेत नोकरी करणारा तिथला एक मुलगा आपल्या व्हिएतनामी जोडीदाराला घेऊन गावी आला आणि एका हॉटेलात समारंभ झाला. आधी गाजावाजा केला नाही, फोटो नंतर बाहेर आले. जिल्ह्याच्या गावात जे पार पडलं त्याला पहाडगंजानं घाबरायचं कारण नाही. इथे मेन बाजारात रोज इतक्या तऱ्हेची माणसं दिसतात की फेटा बांधलेले दोन नवरदेव शेजारी चालले तरी अगरबत्तीवाला आधी अगरबत्तीच पुढे करील.

बाजू ठरवणे

आता खरी अडचण. ती कायद्याची नाही आणि गुरुजींचीही नाही.

आपल्या लग्नात कुठल्याही कामाआधी एक प्रश्न असतो: हे मुलीकडच्यांनी करायचं की मुलाकडच्यांनी? स्टेशनावर हार घेऊन उभं राहायचं ते मुलीकडच्यांनी. सकाळी खोल्यांत गरम पाणी पोचलं की नाही ते बघायचं मुलीकडच्यांनी. चहा गार होता असं म्हणायचं मुलाकडच्यांनी. टॉवेल-टोपी कुणाला, फेटा कुणाला, साडी किती वारी आणि किती किमतीची, पंगतीत पहिलं पान कुणाचं, सगळं यावरून ठरतं. मुलगी जन्मली त्या दिवसापासून तिच्या बापाला वाकायची सवय लागते आणि मुलगा जन्मला की त्याच्या बापाची मान ताठ होते. पंचवीस-तीस वर्षांनी लग्नात हे दोघे समोरासमोर येतात आणि सगळं सुरळीत पार पडतं, कारण कोण वाकणार हे ठरलेलं असतं.

इथे दोन्हीकडचे मुलाकडचे आहेत.

पहिल्या बैठकीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. करोल बागेतल्या दिवाणखान्यात दोन्ही कुटुंबं बसतात. समोसे येतात. दोन्ही वडील सोफ्यावर मागे टेकून वाट बघत राहतात, समोरच्याने अजिजीने विचारावं की बाबा, तुमच्या काही अपेक्षा? कुणीच विचारत नाही. समोसे संपतात. पंख्याचा आवाज येऊ लागतो. मग कुणीतरी हुशार चुलता म्हणतो, ‘आपण एकाला मुलीकडचा धरू या, म्हणजे सोपं पडेल.’ लगेच सगळ्यांना उत्साह येतो. कोणाला धरायचं? उंचीला कमी तो? स्वयंपाक करतो तो? पगार कमी तो? आत्या वर क्रमांक 1 कडे बघते आणि म्हणते, ‘हा लहानपणापासून जरा हळवाच आहे.’ या क्षणी मावशीने उठून चहाचं आधण ठेवायचं आहे. दोघांपैकी बायको कोण, या प्रश्नावर एकदा बैठक घसरली की मुलं उठून जातात, आणि ती मेट्रोपर्यंत गेली की आणणं कठीण.

चहा घेताना मावशीने एवढंच म्हणावं: बाजू नाहीत. जो यजमान तोच पाहुणा. गरम पाणी हॉटेल बघेल. खर्च निम्मा-निम्मा आणि हिशेब वहीत.

हे ऐकून दोन्हीकडचे पुरुष काही वेळ गोंधळतात. निम्मा खर्च त्यांना समजतो. निम्मा मान समजत नाही. मोठी पंचाईत रुसण्याची होते. पंजाबी लग्नात रुसायचा हक्क फूफाजींचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. ते एकदा तरी ‘हम जा रहे हैं’ म्हणतात आणि दारापर्यंत जाऊन येतात. आपल्याकडे तो मान वरमाईचा, आणि तिच्याखालोखाल भाऊबंदांचा. इथे वरमाया दोन, फूफाजी एक, विट्याचे भाऊबंद एक बसभर, आणि समजूत काढणारी बाजूच नाही. उपाय सोपा आहे. पाळ्या लावा. फूफाजी हळदीला रुसतील, समजूत विट्याचे चुलते काढतील. चुलते जेवणात रुसतील, समजूत फूफाजी. पाळी आली की फूफाजींना हात जोडून, ‘चलिए ना भाईसाहब, आपके बिना क्या शादी’ असं पाच वेळा म्हणावं लागतं. आयुष्यात प्रथमच. त्यांचे गुडघे दुखतात, घसा कोरडा पडतो. त्यानंतर ते फारसे रुसत नाहीत.

हळद

रीतीप्रमाणे हळद आधी नवऱ्याला लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे जाते. करोल बागेतून मुलतानी ढांड्यात उष्टी हळद पाठवायची म्हटलं की वर क्रमांक 2 ची आई विचारणार, ‘जूठी क्यों?’ प्रश्न चांगला आहे. आपल्याला तो इतक्या वर्षांत पडला नव्हता. हळकुंडं एकत्र दळा, एकाच परातीत कालवा, दोघांना एकाच पाटावर, पाठीला पाठ लावून बसवा. करवल्या दोन्हीकडच्या. बायकांनी जात्यावरची गाणी म्हणावीत, पंजाबी बायकांनी ढोलकी घ्यावी. दोन्ही एकदम सुरू झालं तर तेही कानाला वाईट लागत नाही.

वरात आणि मिलनी

दोन नवरदेव म्हणजे दोन घोड्या. दोन्ही वराती मेन बाजारात शिरवायचा विचार सोडा. तिथे ई-रिक्षा आणि हातगाडी यांच्यामधून घोडी नेणं घोडीलाही पटत नाही. एकाने स्टेशनच्या अंगाने चालत यावं, दुसऱ्याने रामकृष्ण आश्रम मेट्रोच्या अंगाने. मधे भेटावं. हार एकदमच घालावेत. डीजे रात्री दहाला बंद, हा नियम सगळ्या लग्नांना आहे. फटाके दिल्लीत मिळत नाहीत ते बरंच आहे; थंडीत इथली हवा आधीच कंदुरीच्या चुलीपाशी बसल्यासारखी असते.

सीमांतपूजन करू नका. त्यात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, आणि इथे पाय चार. त्याऐवजी पंजाब्यांची मिलनी घ्या: मामाला मामा भेटतो, चाचाला चुलता, मिठी मारतात, हार घालतात, जमलं तर एकमेकांना उचलतात. विट्याच्या चुलत्यांना मिठीची सवय नसते. त्यांनी हात जोडले तरी चालेल. समोरचा उचलणार आहेच.

विधी

गुरुजींना आधी फोन करा, पण नेमकं सांगा. पहिला म्हणेल तारीख नाही. दुसरा म्हणेल, करतो, पण संकल्पात कन्येच्या जागी काय म्हणू? त्याला दोघांची नावं आणि गोत्रं लिहून द्या आणि ज्या मंत्रांत कन्या कुणाला तरी दिली जाते ते गाळायला सांगा. विधी अर्ध्या तासाने आटोपतो. कन्यादानाला बसायचं म्हणून सकाळपासून उपाशी असलेल्या वडिलांना जेवायला पाठवा.

कुणीच गुरुजी मिळाले नाहीत तरी महाराष्ट्राला त्याची सवय आहे. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न पुण्यात 25 डिसेंबर 1873 रोजी लागलं, भटजीविना. मंगलाष्टका जोतीराव फुल्यांनी स्वतः रचल्या आणि त्यांत वधूवरच एकमेकांशी बोलतात, वचन मागतात आणि देतात. म्हणजे लग्न ज्याचं त्यानेच आपल्या शब्दांत लावावं, ही मुंबईच्या इव्हेंटवाल्यांनी काढलेली फॅशन नाही, दीडशे वर्षांची मराठी रीत आहे. तेव्हा मंगलाष्टका घरीच करा. काम आत्याला द्या. वृत्त शार्दूलविक्रीडित. भीती वाटली तर एवढं सांगा की ‘फूफाजी’ हा शब्द तीन गुरूंचा असल्यामुळे ओळीच्या आरंभी ‘म’ गणात चपखल बसतो. पुढचं तिला सुचेल.

अंतरपाट धरा. दोघांच्या मागे दोघांचे मामा, हातात लिंबू खोचलेल्या कट्यारी. कानपिळीला नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाचा आहेर घेतो. इथे दोन भाऊ आणि दोन कान, दोन्ही एकाच वेळी पिळावेत. नाव घ्यायचा आग्रह झाला तर आयत्या वेळी आठवत नाही, म्हणून एक उखाणा खिशात ठेवा:

नवी दिल्ली स्टेशनात सोळा फलाट,
…रावांचं नाव घेतो, सोडा आता वाट.

सप्तपदी करावी. तिच्याबद्दल एक सरकारी विनोद आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 सांगतो की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्री-पुरुष जोडप्याचं नोंदणी प्रमाणपत्र रद्दबातल ठरवलं, कारण विधी झालेच नव्हते. कागद होता, पावलं नव्हती. आपल्या दोघांची सातही पावलं बोहल्यावर, चारशे लोकांसमोर पडतील, आणि कागद मिळणार नाही.

जेवण

मसाले भात, वांग्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. आचारी विट्याहून आणा. दिल्लीचा केटरर मसाले भाताचा पुलाव करतो आणि वर पनीर घालतो. सकाळी चुना मंडीतल्या सीताराम दीवानचंदचे छोले-भटुरे मागवा. दुपारपर्यंत कुणी रुसायला उठत नाही.

आहेर

हा भाग नीट वाचा, इथे पैसे जातात. लग्नप्रसंगी मिळालेल्या भेटी आयकरातून मुक्त असतात. एरवी नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त रक्कम भेट आली की सगळीच्या सगळी उत्पन्नात धरतात. आता कायद्याच्या लेखी तुमच्याकडे लग्न नाही. तेव्हा ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ, जी आपण इतकी वर्षं शिष्टाचार म्हणून छापत आलो, ती इथे करसल्ला आहे.

सख्खे मामा, मावशी, आत्या, काका आणि त्यांचे नवरे-बायका कायद्याने नातेवाईक, त्यांचं पाकीट कितीही जड असो. पण वर क्रमांक 1 चे मामा वर क्रमांक 2 चे कुणीच लागत नाहीत. म्हणून नियम: ज्याचा मामा त्याच्याच हातात पाकीट. स्टेजवर दोन थैल्या ठेवा, वेगळ्या रंगाच्या, आणि प्रत्येकीशी एक करवली. एक रुपयाचं नाणं चिकटवलेली शगुनची पाकिटं आली की बुआजी ती दोघांच्या मधे ठेवतात. करवलीने ती हळूच योग्य रंगाकडे सरकवावीत. दोघांनी एकमेकांना घातलेली अंगठी 50,000 पेक्षा महाग असेल तर ती एका परक्या इसमाने दुसऱ्या परक्या इसमाला दिलेली भेट ठरते. नवरा-बायकोला हे लागू नाही. या फरकाविरुद्ध 2025 मध्ये एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं आहे. निकाल लागेपर्यंत अंगठी बेताची घ्या आणि एखाद्या सीएला सहकुटुंब जेवायला बोलवा.

कागद

अशा लग्नांना कायद्याची मान्यता मागणारी मुख्य याचिका सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांची होती. त्यांनी डिसेंबर 2021 मध्ये हैदराबादजवळ लग्नाचा समारंभ केला आणि पुढच्या वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी अक्षता, मग याचिका, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. विवाहाऐवजी निदान सहजीवनाला मान्यता द्यावी की नाही, यावर 3 विरुद्ध 2. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ‘द्यावी’ म्हणणाऱ्या त्या दोघांत होते. विट्याकडचे एक काका अजून म्हणतात, ‘आपला माणूस, खेडजवळच्या कन्हेरसरचा, सरन्यायाधीश, आणि अल्पमतात!’ त्यांना निकालापेक्षा हे जास्त लागलं. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. कागदच हवा असेल तर थायलंडात 23 जानेवारी 2025 पासून मिळतो. भारतात तो भिंतीवर लावता येतो.

इथे काय मिळतं? ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी दोघांना एका घरातलं धरावं, अशाही सूचना राज्यांना गेल्या. आणि आरोग्य खात्याने कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. रेशन आणि पार्थिव यांच्या मधला जो काळ, त्यात दोघे कोण, हे अजून कुणी लिहून दिलेलं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अशा माणसांनाही कुटुंब होता येतं असं म्हटलं, ते हाताशी ठेवा.

म्हणून लग्नाच्या आठवड्यात मेंदीवाली आणि वकील दोघांनाही वेळ द्या. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे; बँकेतला पैसा नॉमिनीच्या हाती येतो, पण त्यावर वारस दावा सांगू शकतात. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आई असेपर्यंत सगळं आईचं. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार असा निवडा ज्याच्या नावे त्यात काही ठेवलेलं नाही. दवाखान्यासाठी अधिकारपत्र वेगळं. दोघांच्या आयांना ही कागदपत्रं वाचून दाखवा. त्या रडतील, मग विचारतील, ‘अजून कुठे सही करायची?’

दोघी असतील तर

वरचं सगळं लागू, फक्त बाजूंचा प्रश्न उलट होतो: दोन्हीकडचे मुलीकडचे, सगळेच वाकलेले, आणि दोन्ही बाप एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणत दारात उभे. हे हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. मध्य प्रदेश पोलिसातल्या लीला नामदेव आणि ऊर्मिला श्रीवास्तव यांनी 1987 च्या डिसेंबरात लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. आजही दोन मुली घरातून निघाल्या की पहाडगंजातल्या एखाद्या हॉटेलात येऊन थांबतात, आणि मागोमाग भाऊ पोलिसांना घेऊन येतात. दोन पुरुषांना न विचारता मिळालेली किल्ली त्यांना मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयांना बजावलं की सज्ञान मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध घरच्यांच्या हवाली करू नका आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचा उद्योग करू नका. या निकालाची प्रत छापून जवळ ठेवा. अशा लग्नात बँडवाला नंतर ठरवा, वकील आधी.

धोंड्याचा महिना

लग्न झालं की दोन्ही घरांना जावई मिळतो, आणि इथे पहिल्यांदा सगळे एकदम खूश होतात, कारण जावयाचे लाड कसे करायचे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिला दिवाळसण: वर क्रमांक 1 मुलतानी ढांड्यात, वर क्रमांक 2 करोल बागेत. एकाच दिवशी असल्याने दोघांची भेट होत नाही; दोन्ही आयांनी आधी फोनवर बोलून पाडवा आणि भाऊबीज वाटून घ्यावी.

मग अधिक महिना येतो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं असतं, आणि दिल्लीच्या मे महिन्यात ते पाणी संध्याकाळपर्यंत आंबतं. पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. पंजाबी आईला अनारसे जमणार नाहीत आणि तिने त्याचा धसका घेऊ नये. वाणाला जाळीदार पदार्थ लागतो, एवढंच. बत्तासे चालतात. पहाडगंजात ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, पण दुकानदार वजनावर देतो. तेहतीस मोजून घ्या.